महात्मा जोतिराव फुले आणि खेड्यातील शिक्षक

माळी झाडाच्या शेंड्यावर पाणी ओतीत नाही. तो आळे करून ते मुळाशी सोडतो. ही साधी गोष्ट शिक्षणाच्या बाबतीत मात्र राज्यकर्त्यांस व विद्वानांस फार काळ उमगली नव्हती. वरच्या वर्गातील थोड्या लोकांस उच्च शिक्षण दिले, की ते आपोआप खाली झिरपत कुणब्याच्या झोपडीपर्यंत पोहोचेल, असा एकोणिसाव्या शतकात सरकारी धोरणाचा भरवसा होता. तो भरवसा फोल आहे, असे पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाने सरकारास स्पष्टपणे कळविले. ते थोर पुरुष म्हणजे महात्मा जोतिराव फुले. त्यांच्या चरित्रातील पुष्कळ गोष्टी सर्वश्रुत आहेत. येथे खेड्यातील शाळा व तेथील शिक्षक ह्यांविषयीची त्यांची तळमळ तेवढी सांगावयाची आहे.

जोतिरावांचा जन्म १८२७ साली झाला. आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच वारल्या. वडील गोविंदराव ह्यांनी मुलास पंतोजींच्या शाळेत घातले खरे. परंतु शिकलेला मुलगा शेतीस निरुपयोगी होतो, असे कोणी त्यांच्या मनात भरविले आणि जोतिरावांच्या हातची पाटी जाऊन खुरपे आले. शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब ह्या दोघा सज्जनांनी मुलाची बुद्धी ओळखून वडिलांचे मन वळविले, तेव्हा १८४१ साली ते पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुनः शिकू लागले. अशी मध्यस्थी करणारे शेजारी ज्यांना लाभले नाहीत, अशा असंख्य मुलांचे काय झाले असेल, ह्या प्रश्नाचा जोतिरावांस पुढे कधीही विसर पडला नाही.

१८४८ साली त्यांनी बुधवार पेठेतील भिडे ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. मुलींस शिकविण्यास शिक्षिका हवी, आणि तशी शिक्षिका आयती मिळण्याजोगी नव्हती. म्हणून त्यांनी पत्नी सावित्रीबाई ह्यांस आधी घरीच शिकविले, मित्रांच्या साहाय्याने त्यांचा पुढील अभ्यास करून घेतला आणि त्यांस अध्यापनाचे रीतसर शिक्षणही मिळाले. पुढे महार, मांग इत्यादी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा स्थापिल्या. ह्या कार्याबद्दल १८५२ साली विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी ह्यांच्या हस्ते सरकारने त्यांचा सत्कार केला. चांगली इमारत मिळाल्याने शाळा चांगली होत नाही, तिला शिक्षक तयार करून द्यावा लागतो, हा धडा त्यांस प्रत्यक्ष कामातूनच मिळाला होता.

१८८२ साली सर विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणविषयक कमिशन नेमले गेले. त्याच्यापुढे जोतिरावांनी १९ ऑक्टोबर रोजी आपले निवेदन सादर केले. शेतकरी शिक्षणासाठी म्हणून वेगळी पट्टी भरतो, तरी मुंबई इलाख्यातील दहांपैकी नऊ खेड्यांत शाळा नाही, आणि सुमारे दहा लक्ष मुलांच्या शिक्षणाची काहीच सोय नाही, असे त्यांनी त्यात नमूद केले. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

परंतु केवळ शाळांची संख्या वाढवून त्यांचे समाधान होणार नव्हते. ज्या शाळा होत्या, त्यांतील बहुतेक शिक्षक अध्यापनाचे शिक्षण न घेतलेले असत. पगार क्वचितच दहा रुपयांपलीकडे जाई. ते प्रायः ब्राह्मण असत व सोवळ्याओवळ्यामुळे कुणब्यांच्या मुलांत मिसळत नसत. त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा वडिलार्जित धंदा सोडून नोकरीमागे धावे. म्हणून शक्य तितके शिक्षक शेतकरी वर्गातूनच तयार करावेत. वेळ पडल्यास नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यांस लाज वाटू नये, असे जोतिरावांचे मत होते. अध्यापकांच्या शिक्षणक्रमात शेतकी व आरोग्य ह्यांचा अंतर्भाव त्यांस हवा होता. मुलांस मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांबरोबर शेतकीची मूलतत्त्वे व नीतिपाठ द्यावेत आणि नमुन्याच्या लहानशा शेतावर प्रत्यक्ष काम शिकवावे, असे त्यांनी सुचविले.

चांगला माणूस अर्धपोटी ठेवून चांगले काम मिळत नाही, हेही ते जाणून होते. शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावी तो पंधरा ते वीस रुपये असावा. गावचे हिशेब तपासणे, टपाल सांभाळणे अशी कामे सोपवून गावात त्याचा मान वाढवावा. ज्याची मुले अधिक संख्येने उत्तीर्ण होतील, त्यास वेगळे बक्षीस द्यावे, ह्या त्यांच्या सूचना होत्या. डेप्युटी इन्स्पेक्टरांनी वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही. तपासणी दर तीन महिन्यांनी व मधूनमधून न कळवताही व्हावी, असे त्यांनी सांगितले. शिक्षकास मान व दाम द्यावा आणि त्याच्याकडून कामही चोख घ्यावे, असा हा दुहेरी विचार होता.

सक्तीच्या शिक्षणाची त्यांची मागणी त्या वेळी फळास आली नाही. १८९० साली २८ नोव्हेंबर रोजी जोतिरावांनी देह ठेवला. पुढे बडोदे संस्थानात १९०६ साली व कोल्हापूर संस्थानात १९१७ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात अमलात येण्यास तर २०१० साल उजाडावे लागले. शाळेचा हक्क कायद्याने मिळतो. शाळेतील शिकविणे मात्र आजही शिक्षकाच्या तयारीवर व त्याच्या मनोभावावर अवलंबून आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे खेड्यात शिक्षक होतील. त्या कामास कमी प्रतीचे समजू नका. आणि पालकहो, आपल्या गावच्या शाळेत पटावर किती मुले आहेत एवढेच विचारून थांबू नका. त्यांस काय येते, शिक्षकास कशाची उणीव भासते, हेही जाऊन पाहा. मुळाशी पाणी पोहोचते की नाही, हे पाहिल्यावाचून माळी घरी परतत नाही.