प्रकाशाच्या वाटेनें शब्द धाडणारे ग्रॅहॅम बेल

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे टेलिफोनचे जनक, हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु स्वतः बेल यांना आपल्या शोधांपैकीं जो सर्वश्रेष्ठ वाटे तो निराळाच होता, आणि त्याचें नांव आज क्वचितच कानीं पडतें. आपल्या बीड जिल्ह्यांत जेथें जेथें केसाएवढी बारीक कांचेची तार एखाद्या कचेरींत किंवा घरांत येऊन पोहोंचली आहे, तेथें तेथें त्या विस्मृत शोधाचेंच तत्त्व रात्रंदिवस राबत आहे.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. त्यांचे वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक होते. प्रत्येक ध्वनीच्या वेळीं जीभ, ओठ व कंठ यांची स्थिति कशी असते हें दाखविणारी एक चिन्हलिपि त्यांनीं रचिली होती. आईस मात्र फार कमी ऐकूं येई. मुलगा तिच्या कपाळाशीं तोंड नेऊन संथ, खोल स्वरांत बोले, तेव्हां तिला त्याचें बोलणें समजे. ध्वनि म्हणजे कंप, हा धडा बेल यांना पुस्तकाआधीं घरांतच मिळाला. पुढें दोन्ही भाऊ क्षयानें दगावले. उरलेला एकुलता मुलगा तरी वांचावा म्हणून आईबापांनीं १८७० सालीं देश सोडला व कॅनडांत बिऱ्हाड केलें. दुसऱ्याच वर्षीं बेल अमेरिकेंतील बोस्टन येथें बहिऱ्या मुलांचे शिक्षक झाले. त्यांची एक शिष्या मेबल हबर्ड हिला वयाच्या पांचव्या वर्षीं तापामुळें पूर्ण बहिरेपण आलें होतें. १८७७ सालीं तिच्याशींच त्यांचा विवाह झाला.

टेलिफोनची कथा सर्वश्रुत असल्यामुळें ती येथें विस्तारानें सांगत नाहीं. ७ मार्च १८७६ रोजीं त्यांना पेटंट मिळालें. एलायशा ग्रे यांचाही अर्ज बेल यांच्या अर्जाच्याच दिवशीं दाखल झालेला असल्यानें मोठा वाद माजला, पण न्यायालयांचा कौल बेल यांच्या बाजूनें लागला. १८८२ सालीं आपल्या मुंबईंतही टेलिफोनचें केंद्र उघडलें.

१८८० सालीं फ्रान्सनें त्यांना व्होल्टा पारितोषिकाचे ५०,००० फ्रँक दिले. दुसरा कोणी स्वस्थ बसला असता! बेल मात्र चार्ल्स टेंटर या सहकाऱ्यासह वॉशिंग्टन येथें तारेवांचून बोलण्याच्या नादीं लागले. सेलेनियम या द्रव्यावर उजेड पडला असतां त्यांतून वीज अधिक सुलभतेनें वाहते, हें १८७३ सालींच प्रसिद्ध झालें होतें. बेल यांनीं युक्ति योजिली ती अशी: सूर्यकिरण एका पातळ आरशावर पाडावयाचे आणि आरशाच्या पाठीमागून बोलावयाचें. आवाजानें आरसा थरथरे, किंचित् फुगे, किंचित् खोल होई. त्याबरोबर परावर्तित झोत पसरे किंवा एकवटे. दूर अंतरावर दुसऱ्या अंतर्गोल आरशानें तो झोत सेलेनियमवर गोळा केला जाई. प्रकाश कमी-अधिक होतांच वीज कमी-अधिक होई, आणि टेलिफोनच्या श्रवणयंत्रांतून मूळ शब्द उमटत. या यंत्रास त्यांनीं फोटोफोन असें नांव दिलें. त्याच सुमारास झालेल्या कन्येसही हेंच नांव ठेवण्याची लहर त्यांना आली होती. पत्नीनें वेळींच आवरलें म्हणून बरें!

त्याच वर्षीं टेंटर एका शाळेच्या गच्चीवर उभे राहिले आणि बेल २१३ मीटर दूर आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीशीं बसले. ऐकूं येत असेल तर टोपी हलवा, असें टेंटर यांनीं प्रकाशावाटें सांगितलें, आणि बेल यांनीं खिडकींतून टोपी हलविली. मध्यें तार नव्हती.

परंतु ढग आला, पाऊस पडला कीं संभाषण तुटे. उघड्या हवेंतून जाणारा प्रकाश असाच बेभरवंशाचा. बीडजवळील खजाना विहिरीचें पाणी जमिनीखालच्या नळांतून शेतांकडे नेलें, तसा प्रकाशासही बंदिस्त मार्ग हवा होता. कांचेंत शिरलेला किरण फार तिरपा आदळला तर बाहेर न पडतां आंतच परततो, हा नियम ज्ञात होता; पण पुरेशी निर्मळ कांच नव्हती. १९६६ सालीं चार्ल्स काओ यांनीं ती करणें शक्य आहे असें दाखविलें, आणि १९७० सालीं अमेरिकेंत उपयोगी पडेल असा तंतु निघाला. आजच्या उत्तम तंतूंत १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. भारतांत टेलिफोन केंद्रें जोडणारा पहिला प्रकाशतंतु १९७९ सालीं पुण्यास कार्यान्वित झाला.

या तंतूच्या टोंकाशीं बोटाएवढी एक डबी बसविलेली असते. तिला ऑप्टिकल ट्रान्सीव्हर म्हणतात. बेल यांचीं दोन निरनिराळ्या ठिकाणचीं यंत्रें तिच्यांत शेजारीं शेजारीं नांदतात. सूर्याच्या जागीं लेझरचा कण आहे. थरथरत्या आरशाचें काम विजेचे ठोके करतात. त्यांच्या हुकमानें लेझरचा प्रकाश कमी-अधिक होतो, आणि त्यावरून शून्य व एक हे अंक ओळखले जातात. साध्या डबींतूनही सेकंदास एक हजार कोटी अंक जातात. सेलेनियमच्या जागीं फोटोडायोड आहे. पलीकडून आलेल्या क्षीण प्रकाशाची तो पुन्हां वीज करतो, व लहानसें यंत्र ती वाढवून अंक निवडून घेतें. एकाच तंतूंतून दोन्ही दिशांनीं बोलावयाचें असेल तर जाण्यायेण्यास प्रकाशाच्या निरनिराळ्या लांबीच्या लहरी वापरतात. मग त्यांची गल्लत होत नाहीं. हा प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, तरी इजा करूं शकतो. म्हणून तुटलेल्या तंतूंत कोणीं डोकावूं नये.

बेल यांच्या चरित्रांत एक उणी बाजूही आहे. हेलन केलर हिच्यासारख्या मुलीस त्यांनीं योग्य शिक्षणाची वाट दाखविली. परंतु बहिऱ्यांनीं हातांच्या खुणांची भाषा सोडून मुखानेंच बोलावें, असा त्यांचा आग्रह असे. त्या आग्रहानें अनेक मुलांची स्वाभाविक भाषा शाळांतून हद्दपार झाली. बहिऱ्या समाजानें तें विसरलेलें नाहीं, आणि त्यांचें म्हणणें रास्त आहे असें आम्हांस वाटतें.

२ ऑगस्ट १९२२ रोजीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत आपल्या घरीं बेल निवर्तले. अंत्यविधीच्या वेळीं उत्तर अमेरिकेंतील टेलिफोन एक मिनिट स्तब्ध ठेवण्यांत आले होते. मेबलबाईही पुढील जानेवारींत वारल्या.