फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची आकडेमोड

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव ठाऊक नाही असा शिकलेला मराठी माणूस मिळणे कठीण. क्रमिक पुस्तकातल्या धड्यातून ते आपल्या घराघरांत आले आणि त्याच्या सोबतीने एक चित्रही आले. रात्रीची वेळ, जखमी शिपायांच्या खाटांच्या लांबच लांब रांगा, आणि हाती दिवा घेऊन त्यांच्यामधून हलक्या पावलांनी जाणारी एक सडपातळ बाई. चित्र खोटे नाही. बाई रात्री खरोखरच अशी फेरी घालीत. त्यांच्या हातचा दिवा मात्र चित्रकार दाखवितात तसा पणतीच्या घाटाचा नव्हता; तो तुर्की पद्धतीचा, घडी होणारा कंदील होता. पण या चित्राने एक नुकसान केले आहे. ज्या बाईंनी पुढची चाळीसएक वर्षे कागद, लेखणी आणि आकडे यांच्या बळावर असंख्य माणसांचे प्राण वाचविण्याची खटपट केली, त्यांना आपण दोन वर्षांच्या दयाळूपणातच बसवून ठेवले. आज मला लिहावयाचे आहे ते या दुसऱ्या, आपल्याला कमी परिचित असलेल्या नाइटिंगेलबाईंविषयी.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील सधन इंग्रज. लग्नानंतर युरोपच्या लांबलचक प्रवासाला निघालेले. थोरली मुलगी नेपल्सला झाली म्हणून तिचे नाव त्या शहराच्या प्राचीन ग्रीक नावावरून पार्थेनोपी ठेवले, आणि धाकटीला सरळ फ्लॉरेन्स म्हटले. वडील विल्यम नाइटिंगेल व्यासंगी गृहस्थ. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकविले. धाकटीला मात्र गणिताचे विलक्षण वेड. मुलीच्या जातीला हा नाद कशाला, असे आईला वाटे. पण नाद सुटला नाही. ऐन तारुण्यात कुटुंबाबरोबर पुन्हा इटलीस जाणे झाले, तेव्हा फ्लॉरेन्सला तिथल्या ऑपेराने झपाटून टाकले. परंतु नुसते ऐकून माना डोलावणे तिच्या स्वभावात नव्हते. ऐकलेल्या प्रत्येक ऑपेराची रचना, शब्द आणि गायन यांची तुलना ती कोष्टके आखून लिहून ठेवी. संगीताचा शिक्षक म्हणून मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. ऐकणारे पुष्कळ भेटतात. ऐकलेले पारखून मांडून ठेवणारे विरळा. पुढच्या सगळ्या आयुष्याचे बीज मला या कोष्टकांतच दिसते.

सोळाव्या वर्षी, १८३७ साली, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली असा तिला अनुभव आला. सेवा कोणती, हे कळावयास काही वर्षे गेली. आणि कळले तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी इंग्लंडात इस्पितळातील परिचारिकेचा धंदा कुलीन घरातील मुलीने करावयाचा नव्हे, अशीच सर्वांची समजूत होती. घरचा विरोध वर्षानुवर्षे चालला. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या कवी व पार्लमेंटच्या सभासदाने लग्नाची मागणी घातली होती; मन त्याच्याकडे ओढ घेत असतानाही १८४९ साली बाईंनी ती नाकारली. १८५१ साली जर्मनीतील कैझरव्हेर्थ येथील संस्थेत तीन महिने राहून त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनमध्ये आजारी स्त्रियांच्या एका लहान इस्पितळाची व्यवस्था त्यांच्या हाती आली आणि वडिलांनीही वर्षाला पाचशे पौंडांची नेमणूक करून दिली. तेव्हा बाई तेहेतीस वर्षांच्या होत्या.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध सुरू होऊन इंग्रज शिपायांच्या हालांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन बाई निघाल्या आणि नोव्हेंबरच्या आरंभी स्कुटारी येथे पोहोचल्या. हे गाव म्हणजे आजच्या इस्तंबूलचा आशियाच्या किनाऱ्यावरील उस्कुदार हा भाग. तिथल्या एका प्रचंड तुर्की बराकीचे इस्पितळ केलेले होते. अंथरुणे नाहीत, सदरे नाहीत, उंदीर आणि उवा यांचा सुळसुळाट. बाईंनी धोबीखाना उभारला, स्वयंपाकाची व्यवस्था लावली, कापडचोपड मिळविले, मरणाऱ्यांची पत्रे लिहिली. शिपाई त्यांना देवता मानू लागले.

इथे धडा संपतो, आणि खरी गोष्ट इथेच सुरू होते. बाई पोहोचल्यानंतर स्कुटारीतले मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये इस्पितळात दाखल झालेल्यांपैकी शेकडा ४२ माणसे दगावत होती. बहुतेक जखमांनी नव्हे, तर हगवण, पटकी, विषमज्वर अशा रोगांनी. मार्चमध्ये विलायतेहून एक आरोग्यमंडळ आले. डॉक्टर जॉन सदरलंड आणि अभियंते रॉबर्ट रॉलिन्सन हे त्यातले प्रमुख. त्यांनी पाहिले की, ही भव्य इमारत तुंबलेल्या गटारांच्या डोक्यावर उभी आहे आणि पाणी येण्याच्या वाटेत मेलेले जनावर कुजते आहे. त्यांनी गटारे उपसली, मोऱ्या धुतल्या, भिंतींना चुना फासला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास उतरले.

युद्ध संपून १८५६ साली बाई इंग्लंडास परतल्या तेव्हा देश त्यांच्या स्वागताला टपलेला होता. त्या दुसऱ्याच नावाने प्रवास करून गुपचूप घरी आल्या. नंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्यांनी युद्धातील मृत्यूंचे आकडे तपासावयास घेतले. शिपाई उपाशी, गारठलेले आणि फार उशिरा इस्पितळात येत म्हणून मरत, अशी तोवर त्यांची समजूत होती. आकड्यांनी निराळेच सांगितले. आघाडीवरच्या साध्यासुध्या इस्पितळांपेक्षा स्कुटारीत अधिक माणसे मेली होती. माणसांना इमारतीनेच मारले होते. ज्या इस्पितळाने आपल्याला जगभर कीर्ती दिली तेच सर्वांत घातक होते, हे कळणे किती जड गेले असेल! दुसऱ्या कोणी ते कागद बांधून माळ्यावर टाकले असते. बाईंनी त्यांचे सुमारे साडेआठशे पानांचे पुस्तक केले. ते खाजगी म्हणून छापले होते. तरी १८५८ साली ते कारभाऱ्यांच्या आणि जाणत्यांच्या हाती पोहोचेल अशी तजवीज त्यांनी केली.

आकडे वाचावयाचा लोकांना कंटाळा येतो, हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनी रंगीत आकृती काढल्या. एका वर्तुळाभोवती बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्या रंगाने बाकीचे रंग गिळून टाकलेले पाहिले की अंकगणित न येणाऱ्या सेनापतीलाही शरम वाटावी. शांततेच्या काळात मायदेशी बराकीत राहणारे जवान शिपाईसुद्धा त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. १८६० साली सर्व इस्पितळांनी रोग, रोगी आणि मृत्यू यांची नोंद एकाच नमुन्यात ठेवावी, अशी योजना त्यांनी आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे मांडली. त्याच वर्षी लोकवर्गणीच्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांची परिचारिकांची शाळा सुरू झाली. सुरुवातीच्या विद्यार्थिनी अवघ्या पंधरा.

१८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर एक लहान पुस्तक लिहिले. स्वच्छ हवा, सूर्यप्रकाश, निर्मळ पाणी, बेताचे अन्न यांबरोबरच त्यात गोंगाटावर एक संपूर्ण प्रकरण आहे. मोठ्या आवाजापेक्षा अचानक झालेला आवाज रोग्याला अधिक बाधतो. दाराबाहेरची कुजबूज तर सर्वांत वाईट, कारण रोगी कान ताणून ती ऐकू पाहतो. रेशमी झग्याच्या सळसळीनेही त्याचा जीव थकतो, असे बाईंचे निरीक्षण. माझे वडील राजघराण्याच्या पदरी गवई होते. त्यांच्या अखेरच्या दुखण्यात एका इस्पितळात हे सारे मी डोळ्यांनी पाहिले. ढकलगाडीची करकर, भांड्यांची आदळआपट आणि दाराशी चाललेली नातलगांची कुजबूज यांनी, जन्मभर सुरावर जगलेल्या त्या कानांना औषधापेक्षा जास्त छळले. त्याच पुस्तकात बाईंनी रोग्यावर होणाऱ्या संगीताच्या परिणामाचीही नोंद केली आहे. माणसाचा गळा, फुंकून वाजविण्याची वाद्ये आणि अखंड सूर देणारी तंतुवाद्ये रोग्याला निववतात. पियानोसारखा तुटक स्वर उलट त्रास देतो. घरी आणल्यावर एक शिष्य वडिलांच्या उशाशी बसून हलक्या हाताने तानपुरा छेडी, आणि त्यांचा श्वास संथ होत जाई. त्यांचा रोग काही हटला नाही. पण रात्र सुसह्य होई. बाईंनी ही गोष्ट दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी टिपून ठेवली होती.

त्यांच्या सचोटीची आणखी एक कसोटी पुढे लागली. त्यांच्याच निधीतून किंग्ज कॉलेज इस्पितळात सुइणींना शिक्षण देण्यासाठी बाळंतिणींचा एक विभाग चालविला होता. तेथे सूतिकाज्वराने बायका मरू लागल्या. बाईंनी १८६७ साली तो विभाग बंद करविला आणि ठिकठिकाणचे आकडे जमवून १८७१ साली पुस्तक लिहिले. इस्पितळापेक्षा गरिबाच्या घरातले बाळंतपण त्या काळी अधिक निर्धोक होते, हा त्यातला निष्कर्ष. आपणच लावलेले झाड विषारी निघाले तर ते तोडण्याची ही हिंमत होती.

हिंदुस्थानात बाई कधीही आल्या नाहीत. तरी आपल्या देशासाठी त्यांनी जितके कागद काळे केले तितके क्वचितच कोणी परक्या व्यक्तीने केले असतील. १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी येथील लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या. १८६३ च्या अहवालातून निघाले की, येथे दर वर्षी हजारी ६९ गोरे शिपाई मरतात. लढाईने नव्हे, तर घाण पाणी, गटारांचा अभाव आणि कोंदट बराकी यांनी. दहा वर्षांनी हे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे बाईंनी दाखवून दिले. पण आसपासची वस्ती रोगट असता छावणी निरोगी राहू शकत नाही, हे त्यांना दिसले. आणि मग त्यांचे लक्ष शिपायाकडून रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, शेतकऱ्याचे कर्ज यांवर त्या लिहू लागल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा ग्रामसफाईविषयी पत्रव्यवहार होता. पुढे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील आपल्या पत्रात १९०५ साली त्यांच्यावर लेख लिहिला.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रोगजंतूंचा सिद्धान्त त्यांनी बराच काळ मानला नाही. परिचारिकांची सरकारी नोंदणी करण्यासही त्यांचा विरोध होता. क्रिमियात जडलेल्या तापाने शरीर पोखरले होते. १८५७ नंतरची बहुतेक वर्षे त्यांनी लंडनच्या एका खोलीत, पुष्कळदा अंथरुणावरच काढली. हे सारे काम तिथूनच झाले. जुलै १८९० मध्ये त्यांचा आवाज फोनोग्राफवर मुद्रित झाला. तो अजून ऐकावयास मिळतो. पुढे दृष्टी गेली. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळाला. तो मिळालेली हीही पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान घरच्यांनी नम्रपणे नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यातील त्यांच्या थडग्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची नोंदच कोरली आहे.

त्यांची आकडेमोड मात्र थांबलेली नाही. २००२ साली लिंडा एकेन या संशोधक परिचारिकेने अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ इस्पितळांचे आकडे तपासले. एका परिचारिकेवर एक रोगी जास्त टाकला की शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या मृत्यूची शक्यता शेकडा सातांनी वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे परिचारिकांची संख्या ही काटकसरीची नव्हे, तर जीवनमरणाची बाब ठरली.

आपल्या घरचे माणूस इस्पितळात असते तेव्हा खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या तक्त्यावर परिचारिका ताप, नाडी, लघवीचे माप टिपीत असते आणि आपल्याला ती कारकुनी वाटते. तिने जवळ बसून दोन गोड शब्द बोलावेत, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्तच आहे. परंतु नाइटिंगेलबाईंचे चरित्र वाचल्यावर मला वाटू लागले आहे की, तो तक्ता भरला जात असताना आपण दोन मिनिटे गप्प राहावे. लयीचा हिशेब सुटला तर गाण्यातला भाव टिकत नाही, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. करुणेचेही तसेच आहे.