डॉ. मारिया माँटेसरी

इटलींत १८७० सालीं जन्मलेल्या ह्या बाईंनीं १८९६ सालीं रोम येथें वैद्यकीची पदवी मिळविली. १९०७ च्या जानेवारींत त्याच शहरांतील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तींत त्यांनीं बालगृह उघडलें. तेथील शिकण्याचीं साधनें कपाटांत कुलपाखालीं असत. शिक्षिका देईल तेंच मुलानें घ्यावें. एके दिवशीं कुलूप लावावयाचें राहिलें, आणि मुलांनीं आपापल्या पसंतीचें साधन काढून कामास आरंभहि केला. शिक्षिकेस ती चोरी वाटली. (आम्हां वडील मंडळींसहि तसेंच वाटलें असतें!) बाईंनीं मात्र तींत मुलांची निवड ओळखली, व त्यांचे हात पोंचतील अशीं ठेंगणीं, उघडीं कपाटें करविलीं. १९३९ सालीं त्या मद्रासेस आल्या. महायुद्धांत परशत्रूच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले, तरी १९४६ पर्यंत येथील शिक्षकांस त्या शिकवीतच राहिल्या.