जमाव आवरणारा माणूस

गड्ड्याच्या यात्रेचे नंदीध्वज निघाले, की मला मल्लप्पा धनशेट्टी आठवतात. १२ जानेवारी १९३१ रोजी, ऐन यात्रेच्या दिवसांत, त्यांना येरवड्यात फाशी दिली. सोबत कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. चार पुतळे सगळ्यांना ठाऊक. चारही नावे घरातल्या मुलांना विचारून पाहा.

गांधीजींना ५ मे १९३० रोजी अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळी सुटली, हाती झेंडा घेतलेला शंकर शिवदारे पडला. चवताळलेल्या जमावापासून कलेक्टर नाइट यांना धनशेट्टींनीच वाचवले, असे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात.

मी बँकेत उमेदीची वर्षे काढली. काउंटरपुढे खवळलेले खातेदार पाहिले आहेत. अशा वेळी मध्ये पडणारा गर्दीला फितूर वाटतो आणि साहेबाला चिथावणीखोर. धनशेट्टींचे ऐकणारे लोक होते, एवढेच बहुधा सरकारला खुपले असावे.

त्याच दिवशी मंगळवार पेठेच्या चौकीत दोन पोलीस मारले गेले, कोर्ट जळले. १२ मेपासून ३० जूनपर्यंत लष्करी कायदा. डोक्यावरची गांधी टोपीसुद्धा गुन्हा ठरली! कायदा उठला, खटला मात्र उठला नाही. पोलिसांच्या खुनाच्या आरोपात चौघांना फाशी झाली. हायकोर्टातही ती टळली नाही.

माझी आजी मला यात्रेला नेई, पण १२ तारखेला कधीच नाही. कारण तिने सांगितले, तेव्हा मी नोकरीला लागलो होतो.