क्लेरन्स व्हाइट : छायाचित्रकलेचे एक थोर शिक्षक

छायाचित्र म्हणजे यंत्राने उमटविलेली प्रतिमा, तीत कलेला वाव तो कोठला, असा समज एके काळी सर्वत्र होता. तो दूर करण्यासाठी अमेरिकेत जी मंडळी झटली, त्यांत क्लेरन्स व्हाइट यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहो.

व्हाइट यांचा जन्म १८७१ साली ओहायओ प्रांतातील वेस्ट कार्लाइल या खेड्यात झाला. पुढे नूअर्क गावी एका घाऊक किराणा पेढीत ते हिशेबनीस झाले. १८९३ साली विवाहानंतर ते सपत्नीक शिकागोचे जागतिक प्रदर्शन पाहून आले आणि लवकरच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळी छायाचित्रे काचेवर घेत, व काचा महाग असत. व्हाइट यांना आठवड्यास दोनच काचा परवडत. म्हणून कोणते चित्र घ्यावयाचे याचा विचार ते आठवडाभर मनात घोळवीत आणि पहाटे कामावर जाण्यापूर्वी किंवा सुटीच्या दिवशी, कोवळ्या उजेडात, घरच्या माणसांची व मित्रांची चित्रे घेत. गरिबीने त्यांस संयम शिकविला, असेच म्हटले पाहिजे.

१९०२ साली आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी कलात्मक छायाचित्रकारांचा जो संघ स्थापिला, त्याच्या आद्य सभासदांत व्हाइट होते. १९०६ साली ते न्यूयॉर्क येथे गेले, १९०७ पासून कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले आणि १९१४ साली त्यांनी स्वतःची शाळा काढली. १९२५ साली विद्यार्थ्यांसह मेक्सिकोस गेले असता तेथेच हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे ती शाळा १९४२ पर्यंत चालली.

व्हाइट यांची धूसर, काव्यमय शैली लवकरच मागे पडली. मग त्यांचे राहिले काय? राहिले त्यांचे विद्यार्थी. १९३६ साली कॅलिफोर्नियातील एका निराधार मजूर मातेचे जगप्रसिद्ध चित्र घेणाऱ्या डोरोथिआ लँग, आणि १९४६ साली चरख्याजवळ बसलेल्या महात्मा गांधींचे चित्र घेणाऱ्या मार्गारेट बर्क-व्हाइट, या दोघीही त्यांच्याच हाताखाली शिकल्या. त्यांची चित्रे गुरूच्या चित्रांसारखी मुळीच नाहीत. आमच्या मते हीच गुरूची थोरवी होय. आपली नक्कल करावी असा आग्रह व्हाइट यांनी धरला नाही. प्रत्येकास स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास शिकविले.

दोन काचांवर समाधान मानून ज्याने आरंभ केला, त्याचे कार्य असे फळास आले. साधने तोकडी म्हणून हताश होणाऱ्या आमच्या बालमित्रांनी हे चरित्र अवश्य ध्यानी ठेवावे.