कर्व्यांची सून

मैत्रिणींनो, श्रावणात आमच्या घरच्या बायकांचा एक नेम आहे. एका सोमवारी प्रकाशाला जायचं, तापी-गोमाईच्या संगमावर पाय धुवायचे, केदारेश्वराला बेल वाहायचा आणि अंधार पडायच्या आत ब्राह्मणपुरीला परतायचं. यंदाही गेलो. दर्शन झालं, भगर-शेंगदाण्याची आमटी खाऊन झाली, आणि आम्ही गाडीकडे निघालो तर धाकटी सून मागेच. बघते तर बाई मातीत वाकून बसलेली. हातात एक खापरीचा तुकडा. लाल रंग, त्यावर काळी रेघ.

मी म्हटलं, टाक ते, कुणाच्या मडक्याचं असेल. तर तिनं सांगितलं की आई, इथं १९५४-५५ मध्ये सरकारच्या पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं होतं, बी. के. थापर नावाचे मोठे संशोधक होते, आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची रंगवलेली भांडी निघाली होती. मी आयुष्यभर प्रकाशाला येते. दक्षिणकाशी म्हणून हात जोडते. आपल्या पायाखाली कुणाची चूल, कुणाचं मडकं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तो तुकडा जिथून उचलला तिथंच परत ठेवला. म्हणाली, जागेवरून हलवला की त्याचं बोलणं बंद होतं.

आणि परतीच्या वाटेवर तिनं हळूच विषय काढला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व विषयात एम.ए. करायचंय. पुढच्या जूनला. दोन वर्षं.

खरं सांगते, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो नकोच. लग्नाला दोन वर्षं झालेली, लोक काय म्हणतील, घरचं कोण बघेल, आणि हाडं-खापऱ्या शिकून पोटाला काय मिळणार? ती गप्प बसली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. दोन दिवसांनी माझ्या उशाशी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' ठेवलेलं दिसलं. कॉलेजात असताना मी ते वाचलं होतं, पण बाईंबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. मग शहाद्याहून आणखी दोन-तीन पुस्तकं मागवली, आणि पंधरा दिवस दुपारची झोप सोडून वाचत बसले. त्यातलं जे मनात रुतून बसलं, तेच आज तुम्हाला सांगते.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी पोरीला पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत, वसतिगृहात पाठवलं. सात वर्षांची पोर समुद्रापार! तिथं शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली, आणि तिच्या आईवडिलांनी या मुलीला आपल्याच घरात ठेवून घेतलं. शकुंतलाबाईंचे वडील म्हणजे रँग्लर परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य. त्या घरात पुस्तकांचा ढीग होता आणि मुलींनी वाद घातला तर कुणी डोळे वटारत नव्हतं. १९२६ मध्ये इरावतीबाई तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. मग मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकल्या. त्याच सुमारास दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले.

आणि सासरे कोण? महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम काढणारे, स्वतः विधवेशी लग्न करून लोकांचा बहिष्कार सोसणारे, १९१६ मध्ये बायकांचं विद्यापीठ सुरू करणारे. असं सासर मिळालं म्हणजे शिकणाऱ्या मुलीचं सोनंच झालं, असं आपल्याला वाटेल ना? मलाही वाटलं होतं. पण सुनेनं पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं ठरवलं, तेव्हा महर्षींना ते पसंत पडलं नाही. साऱ्या महाराष्ट्रातल्या मुलींना शिकवायला निघालेला माणूस घरच्या सुनेच्या बाबतीत अडला. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. वाटलं, एवढा थोर माणूस उंबऱ्याशी अडखळतो, तिथं मी कोण! आणि लगेच दुसरंही वाटलं, की त्यांचं अडखळणं हे काही माझ्या नकाराला प्रशस्तिपत्रक नाही.

दिनकरराव मात्र बायकोच्या पाठीशी उभे राहिले. कर्ज काढून १९२८ मध्ये त्यांनी तिला बर्लिनला पाठवलं. तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर हे प्रमुख होते. गोरी युरोपीय माणसं जात्याच हुशार, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी या हिंदुस्थानी मुलीला काम दिलं ते माणसांच्या कवट्या मोजायचं. कवटीची उजवी आणि डावी बाजू किती सारखी, किती वेगळी, हे मोजायचं, आणि गोऱ्यांच्या कवटीत अकलेची खूण दिसते का ते बघायचं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. उत्तर काय यायला हवं, हे गुरूंनी आधीच ठरवलेलं होतं. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर, एकटी मुलगी. गुरूंना हवं ते लिहून दिलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण आकड्यांत ते निघत नव्हतं. वंशाचा आणि कवटीच्या त्या फरकाचा काही संबंध नाही, असं त्यांनी लिहिलं. गुरू नाराज झाले, गुण हात आखडून दिले, पण डॉक्टरेट मिळाली. पुढे त्याच विचारांच्या आधारावर हिटलरच्या राज्यात काय झालं, ते आपण जाणतोच. त्या संस्थेत बसून एका मराठी सुनेनं नाही म्हटलं होतं.

परत आल्यावर काही वर्षं त्या सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं आणि बाई तिथं रुजू झाल्या. शेवटपर्यंत तिथंच. पुरातत्त्वाचे नामांकित संशोधक डॉ. ह. धी. सांकलिया त्यांचे तिथले सहकारी. दोघांनी मिळून गुजरातेत लांघणजला उत्खनन केलं. वाळूच्या टेकाडाखाली दगडी हत्यारं वापरणाऱ्या माणसांचे सांगाडे निघाले, गुडघे पोटाशी घेऊन पुरलेले. सांकलियांनी हत्यारं पाहिली, बाईंनी हाडं. माणूस केवढा होता, बाई की पुरुष, कसा पुरला, हे हाडांवरून वाचायचं काम त्यांचं.

पण नुसत्या हाडांवर त्यांचं समाधान होणारं नव्हतं. जुन्या माणसांच्या तीन खुणा असतात, असं त्यांचं काम वाचून मला समजलं. एक जमिनीत, दुसरी पोथीत आणि तिसरी आपल्या तोंडात. तोंडात म्हणजे नात्यांच्या शब्दांत. ऋग्वेद, अथर्ववेद, महाभारत यांत दीर, नणंद, मामा, मेहुणा यांना कोणते शब्द आहेत ते त्यांनी वेचले, आणि गावोगाव हिंडून आजचे शब्द जमवले. त्यासाठी बायकांची गाणीही अभ्यासली. १९५३ मध्ये त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. उत्तरेकडे मुलगी लांबच्या, अनोळखी घरात द्यायची रीत, दक्षिणेकडे नात्यातच द्यायची. आपण मराठी माणसं मध्ये. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही! हे आपण लग्नाच्या बोलणीत सहज म्हणून जातो. त्यामागं एवढं शास्त्र आहे, हे बाईंनी दाखवलं.

आता 'युगान्त'. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. १९१९ मध्ये सुरू झालेलं काम १९६६ मध्ये पुरं झालं. नंतर घुसडलेलं काय आणि जुनं काय, याचा निवाडा त्यात होता. बाईंनी तोच पाठ हाताशी घेतला आणि देवत्वाचा शेंदूर बाजूला करून माणसं बघितली. गांधारी, कुंती, द्रौपदी या आपल्याच घरातल्या बायकांसारख्या दिसू लागल्या. धर्मराजा हा विदुराचा मुलगा असेल का, असा प्रश्नही त्यांनी न घाबरता विचारला. १९६७ मध्ये पुस्तक आलं, १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पण मला या वेळी अडवलं ते खांडववनानं. कृष्ण आणि अर्जुनानं रान जाळलं ही गोष्ट आपण अग्नीला जेवण दिलं म्हणून ऐकतो. बाई विचारतात की त्या रानात राहणाऱ्यांचं काय झालं? जमीन शेतीला हवी होती म्हणून रान जाळलं आणि आतल्या नागांना मारलं, असं त्या सरळ मांडतात. मैत्रिणींनो, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला हे वाचून कसं गप्प राहता येईल? आपल्या केळी-पपईच्या शेतात कामाला येणाऱ्या भिल्ल, पावरा बायका कुणाच्या लेकी? रान कुणाचं होतं?

आणि बाई नुसतं पोथीवर बोलून थांबल्या नाहीत. त्या आपल्या भागातल्या माणसांबद्दलही लिहून गेल्यात, हे तर मला अजिबात माहीत नव्हतं. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार जिल्हे. इथल्या भिल्लांचा त्यांनी केलेला अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कोयना धरणानं उठवलेल्या लोकांचं काय झालं, हे त्यांनी लेक जाई निंबकर यांच्याबरोबर तपासलं. तो अहवाल १९६९ चा. नर्मदेच्या धरणात बुडालेली अक्राणी-अक्कलकुव्याची गावं आपल्या शहादा-तळोदा तालुक्यांत येऊन वसली, त्याच्या कितीतरी वर्षं आधी या बाईंनी उठवलेल्या माणसाचा प्रश्न हाती घेतला होता.

त्यांचं सगळंच आज पटतं असं नाही. जातीजातींची अंगं मोजून समाज कळेल, यावर त्यांचा बराच भर होता. ती वाट पुढच्या संशोधकांनी सोडून दिली. बाई काही देवी नव्हत्या. तीन मुलांची आई, घरात नवऱ्याला दिनू म्हणणारी, मंगळसूत्र-कुंकू न लावणारी, पुण्याच्या रस्त्यावर बायकांनी स्कूटर चालवणं नवलाचं होतं तेव्हा स्कूटरवरून जाणारी. पण हीच बाई पंढरीच्या वारीत पायी चालली, वारीच्या प्रेमात पडली, आणि त्याच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात हे बघून व्यथित झाली. धाकटी लेक गौरी देशपांडे पुढे लेखिका म्हणून आपल्याला ठाऊक आहेच. ११ ऑगस्ट १९७० रोजी बाई गेल्या तेव्हा वय अवघं चौसष्ट.

त्यांचा 'परिपूर्ती' नावाचा एक लेख आहे. एका सभेत त्यांची ओळख करून देतात ती महर्षी कर्व्यांची सून आणि प्राचार्य कर्व्यांची पत्नी म्हणून. एवढी विद्वान बाई, पण आधी सून आणि मग बायको! त्यांना मात्र ओळखीत काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहतं. घरी जाताना रस्त्यावरची पोरं त्यांच्याकडे बघून म्हणतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि मग त्यांना पुरं झाल्यासारखं वाटतं. वाचून मी हसले, आणि डोळ्यांत पाणीही आलं. कारण आपली सगळ्यांची ओळख अशीच. मलाही गावात कोणी नावानं हाक मारत नाही. अमक्याची सून म्हणून आले, आता तमक्याची आई आहे.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर मी मुलाला आणि त्याच्या वडिलांना समोर बसवलं. सांगितलं की पपईचे पैसे आले की त्यातले फीसाठी बाजूला काढायचे, आणि कमी पडले तर माझ्या पाटल्या आहेत. हे आधी काहीच बोलले नाहीत, मग फक्त विचारलं की पुण्यात राहायची सोय काय? म्हणजे अर्धा होकार झाला, हे पस्तीस वर्षांच्या संसारात मला कळतं. मोठ्या जावेला अजून पटलेलं नाही. शेजारच्या काकू रोज एक नवी शंका घेऊन येतात. सूनबाईला प्रवेश मिळेल की नाही, तेही जूनमध्येच कळेल. सध्या ती रात्री बारापर्यंत वाचत बसते, आणि सकाळचा पहिला चहा मी करते. थोडं जड जातं, पण जमतंय.

महर्षींच्या नावाला बट्टा लागेल असं त्यांच्या सुनेनं काही केलं नाही, उलट ते नाव उजळलं. आमच्या ब्राह्मणपुरीत एवढं मोठं काही होईलच असं नाही. पण उद्या ही मुलगी कुठल्याशा नदीकाठी खड्ड्यात उतरून ब्रशनं माती झाडत असेल, आणि गावातल्या बायका मला बघून म्हणतील की ही त्या खापऱ्यावालीची सासू. म्हणू देत. माझ्या ओळखीत एवढंच राहिलं होतं.