मेरी सॉमरव्हिल : उशिरा हाती आलेले गणित

सहामाही परीक्षा झाली की आम्हां गणित शिक्षकांकडे काही पालक येतात. मूल आजारपणामुळे, वडिलांच्या बदल्यांमुळे किंवा ठरवूनच काही वर्षे घरी शिकलेले असते. भाषा बरी असते, वाचन तर चांगलेच असते. पण गणितात ते दोन-तीन इयत्ता मागे असते. वय चौदा-पंधरा. आता जमेल का, एवढाच प्रश्न असतो. अशा मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी या अंकात आम्ही एका स्कॉटिश विदुषीचे चरित्र देत आहोत.

मेरी फेअरफॅक्स हिचा जन्म २६ डिसेंबर १७८० रोजी स्कॉटलंडमधील जेडबर्ग गावी, मावशीच्या घरी झाला. बालपण गेले बर्न्टायलंड या समुद्रकाठच्या लहानशा गावात. वडील आरमारात अधिकारी, त्यामुळे वर्षानुवर्षे समुद्रावर. मुलगी किनाऱ्यावर शिंपले गोळा करत आणि पक्षी पाहत वाढली. एकदा वडील घरी आले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, मुलीला धड वाचता येत नाही आणि लिहिता तर मुळीच येत नाही. मग दहाव्या वर्षी तिला मसलबरो येथील निवासी शाळेत पाठवले. ताठ बसावे म्हणून तिथे मुलींना पोलादी पट्टी घातलेली चोळी घालीत आणि शब्दकोशाची पाने पाठ करायला लावीत. एका वर्षात ती परत आली. त्यानंतर एका पत्राला चार ओळींचे उत्तर लिहिण्याची वेळ आली, तर तेही तिला जमेना. शाळेवर एवढा पैसा खर्चूनही हे असे, म्हणून घरच्यांची बोलणी खावी लागली.

पुढचे शिक्षण जवळजवळ सगळे घरीच. शिवणकाम, चित्रकला, पियानो, स्वयंपाक, म्हणजे त्या काळच्या मुलीला पुरेसे मानले जाई तेवढे. थंडीत काही आठवडे गावचे मास्तर संध्याकाळी येऊन पृथ्वीगोल दाखवून शिकवीत. लॅटिन ती आपली आपण शिकली. जेडबर्गला मावशीकडे गेली असता तिने ही चोरी मावशीच्या यजमानांना सांगितली. ते धर्मोपदेशक होते. रागावण्याऐवजी ते रोज सकाळी तिच्याबरोबर व्हर्जिल वाचायला बसले.

गणिताची गाठ पडली ती मात्र चमत्कारिक रीतीने. पंधराव्या वर्षाच्या आसपास एका ओळखीच्या बाईंनी विणकामाचे नमुने दाखवण्यासाठी तिच्यापुढे बायकांचे एक मासिक ठेवले. कपड्यांची रंगीत चित्रे, कोडी आणि शेवटी एक हिशेबाचे उदाहरण. त्यात आकड्यांऐवजी 'क्ष' आणि 'य' यांच्यासारखी अक्षरे! हे काय, असे विचारता बीजगणित, एवढेच उत्तर मिळाले. पुढचे त्या बाईंनाही ठाऊक नव्हते. मेरीने वडिलांच्या कपाटातून नौकानयनाचे पुस्तक काढले, पण त्यातले थोडेच समजले. पुढे एडिंबरोमध्ये अलेक्झांडर नास्मिथ हे चित्रकार मुलींना चित्रकला शिकवीत असताना तिच्या कानावर पडले की, यथादृष्टीचा पाया युक्लिडच्या भूमितीत आहे. आता पुस्तकाचे नाव कळले. पण दुकानात जाऊन युक्लिड मागणे मुलीला शोभले नसते.

मदत आली ती धाकट्या भावाच्या शिकवणीतून. क्रॉ नावाचे शिक्षक त्याला शिकवायला येत. मेरी जवळच शिवण घेऊन बसे. एकदा भावाला उत्तर येईना, तेव्हा हिच्या तोंडून ते नकळत निघून गेले. क्रॉ चकित झाले. तिने त्यांनाच पुस्तके आणायला सांगितली आणि त्यांनी एडिंबरोहून युक्लिड व बॉनिकॅसल यांचे बीजगणित आणून दिले. स्वतः क्रॉ मोठे गणिती नव्हते. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातली काही प्रमेये त्यांनी तिच्याकडून तोंडी ऐकली, पुढे ती एकटीच चालली. आम्हाला ही एवढीशी गोष्ट फार मोलाची वाटते. मागे पडलेल्या मुलाला अनेकदा आणखी एक शिकवणी लागत नाही. समोर बसून, 'ही पायरी कशी आली ते सांग' असे म्हणणारे आणि शांतपणे ऐकणारे माणूस लागते. घरातल्या कोणालाही हे जमू शकते.

मेरी रात्री जागून अभ्यास करू लागली. मेणबत्त्या फार संपतात, अशी तक्रार नोकरांनी आईकडे केली. गणिताच्या ताणाने मुलीचे डोके फिरेल, अशी धास्ती वडिलांना होती. मग ती अंथरुणात शिरली की मेणबत्ती उचलून न्यायचा हुकूम झाला. तोवर युक्लिडची पहिली सहा पुस्तके वाचून झाली होती. आता ती अंधारात पडून पहिल्या पुस्तकापासून रोज काही प्रमेये मनातल्या मनात सिद्ध करू लागली. आपल्या विद्यार्थ्यांना पायथागोरसचा सिद्धान्त माहीत आहे. तो पहिल्या पुस्तकात ४७ वा आहे. त्याची सिद्धता आधीच्या प्रमेयांवर उभी आहे आणि अंधारात मागचे पान उलटून पाहता येत नाही. मधली एक कडी निसटली तर तिथेच अडून बसावे लागते. आपली मुले नववीच्या समीकरणांशी झगडतात, पण अडलेली असतात बहुधा अपूर्णांकांत किंवा ऋण संख्यांत. तेव्हा खालच्या इयत्तेचे पुस्तक पुन्हा हाती घेण्यात कमीपणा कसला?

१८०४ साली सॅम्युएल ग्रेग यांच्याशी तिचा विवाह झाला. बायकांच्या बुद्धीविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. १८०७ मध्ये ते वारले आणि मेरीबाई दोन लहान मुलांना घेऊन माहेरी आल्या. विधवेला स्वतःचा थोडा पैसा व थोडे स्वातंत्र्य होते, ते त्यांनी त्रिकोणमिती आणि न्यूटन यांच्यावर खर्च केले. विल्यम वॉलेस या गणितज्ञांशी पत्रव्यवहार सुरू झाला. १८११ मध्ये एका गणितविषयक नियतकालिकातले कूट सोडवल्याबद्दल त्यांना रौप्यपदक मिळाले. पुढे कोणती पुस्तके वाचावीत याची यादी वॉलेस यांनी दिली. त्यांचे भाऊ जॉन यांनी लाप्लासचा खगोलावरील अवघड ग्रंथ मेरीबाईंबरोबर बसून वाचला. या वाचनात बाईंना कळले की, आपल्याला जॉन यांच्याइतकेच समजते आहे. वय तेव्हा तिशीच्या पुढे!

१८१२ मध्ये त्यांनी विल्यम सॉमरव्हिल यांच्याशी विवाह केला. हे त्यांचे मावसभाऊ. आपल्याकडे हे चालत नाही, तिकडे चालते. या यजमानांनी मात्र त्यांच्या अभ्यासाला मनापासून साथ दिली. लाप्लासच्या ग्रंथाचे इंग्रजी रूप सिद्ध करण्याची विनंती १८२७ मध्ये आली, ती त्यांनी एका अटीवर स्वीकारली : जमले नाही तर हस्तलिखित जाळून टाकायचे. जाळावे लागले नाही. १८३१ मध्ये ग्रंथ निघाला आणि केंब्रिजमध्ये अभ्यासाला लागला. १८३५ मध्ये कॅरोलाइन हर्शेल यांच्यासह त्यांना रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सन्माननीय सदस्यत्व मिळाले. पदार्थविज्ञान व प्राकृतिक भूगोल यांवरील त्यांच्या ग्रंथांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

याच काळात कवी बायरन यांची मुलगी अॅडा त्यांच्याकडे येऊ लागली. ती १८३४ मध्ये अठरा वर्षांची होती आणि तीही घरीच शिकलेली. मेरीबाईंनी तिला गणिताकडे वळवले. कुठे अडले की अॅडा पत्र लिही आणि त्या समजावून सांगत. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्रासंबंधी १८४३ मध्ये टिपणे लिहिणारी अॅडा लव्हलेस ती हीच. क्रॉ, मावशीचे यजमान आणि वॉलेस बंधू यांच्याकडून जे मिळाले, ते मेरीबाईंनी असे पुढे दिले.

१८३८ पासून सॉमरव्हिल कुटुंब इटलीत राहिले. नव्वदी ओलांडल्यावर त्यांना ऐकू कमी येई, नावे आठवत नसत. पण सकाळी अंथरुणातच चार-पाच तास उच्च बीजगणिताचे ग्रंथ घेऊन त्या बसत. एखादे उदाहरण सुटले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काढून बसत. २९ नोव्हेंबर १८७२ रोजी नेपल्समध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्या वारल्या. आदल्या दिवसापर्यंत गणिताचा एक लेख दुरुस्त करण्याचे त्यांचे काम चालू होते.